जुन्या खुर्चीची नवी बैठक : तालावरून नक्षी
(कार्यानुभव व कलाशिक्षण – इयत्ता ६ वी ते ८ वी)

बहुतेक शाळांच्या कोपऱ्यात एखादी खुर्ची पडून असते. तिचे पाय शाबूत असतात, पाठ भक्कम असते. परंतु बैठक फाटलेली, आतला काथ्या बाहेर आलेला, आणि म्हणून ती कोणी बसावयास घेत नाही. जडवस्तू संग्रह नोंदवहीत ती ‘एक खुर्ची’ म्हणून उभी असते. प्रत्यक्षात ती खुर्ची राहिलेली नसते. अशा खुर्चीला नवी बैठक घालणे हे काम सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांच्या आटोक्यातले आहे. त्या बैठकीच्या कापडावर संगीताच्या तालावरून काढलेली नक्षी छापली, तर त्याच एका वस्तूतून हस्तकला, गणित आणि संगीत या तिन्ही विषयांचे धडे देता येतात.

हाताच्या कामातून शिक्षण हा विचार महाराष्ट्राच्या भूमीला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगकेंद्री शिक्षणाची कल्पना देशापुढे मांडली. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक कारागिरांच्या सहवासात शिकावे असे सुचविण्यात आले. पुढील पाठ या दोन्हींशी सुसंगत असून त्यास सुमारे दहा तासिका लागतील.

उद्देश

१. मोडलेली वस्तू टाकून न देता ती पुन्हा उपयोगात आणण्याची दृष्टी देणे.
२. ताल म्हणजे काळाची मोजलेली विभागणी, हे कानाने व हाताने अनुभवावयास लावणे.
३. ती विभागणी चौकटीच्या कागदावर व नंतर कापडावर उतरविणे; त्या ओघात भागाकार, बाकी व लघुतम साधारण विभाज्य यांचा उपयोग करणे.
४. ज्या मुलांच्या घरी वाद्य वाजते, त्यांच्या ज्ञानाला वर्गात मानाचे स्थान देणे.

यांतील चौथा उद्देश शेवटी लिहिला असला, तरी तो गौण समजू नये. ज्या घरात पखवाज, ढोलकी, हलगी वा संबळ वाजतो, त्या घरचे मूल शाळेत येण्यापूर्वीच सम ओळखत असते. चुकीच्या जागी पडलेली टाळी त्याच्या कानाला खटकते. परंतु शाळेच्या पाटीवर या ज्ञानाला अंक मिळत नाहीत. म्हणून भागाकारात मागे पडणारा तो विद्यार्थी स्वतःला सर्वच बाबतींत मागे समजू लागतो. मात्रा मोजणे हे गणितच आहे, ही गोष्ट त्याला व त्याच्या सोबत्यांना या पाठातून उमगावी.

नक्षी कशाची असावी?

संगीतावरून नक्षी काढा असे सांगताच मुले तबला, वीणा किंवा स्वरांची अक्षरे काढावयास घेतील. हे दोन कारणांनी टाळावे. पहिले कारण संस्काराचे आहे. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारे मूल वीणेच्या चित्रावर किंवा अक्षरांवर बसावयास संकोचेल. आणि त्याचा तो संकोच योग्यच आहे. दुसरे कारण कलेचे आहे. तबल्याचे चित्र ही वाद्याची आकृती झाली. तिच्यात संगीत नाही. संगीतातील जी वस्तू कापडावर खरोखर येऊ शकते ती म्हणजे त्याची मांडणी : कोठे जोर, कोठे विसावा, आणि किती अंतराने पुन्हा आरंभ.

ही मांडणी चिन्हांनी लिहिण्याची सोय महाराष्ट्रातील दोन थोर पुरुषांनी करून ठेवली आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) या दोघांनीही संगीत लिहून ठेवण्याच्या स्वतंत्र पद्धती सिद्ध केल्या. भातखंडे पद्धतीत समेस फुलीचे चिन्ह, खालीस शून्य व इतर टाळ्यांस २, ३ असे अंक देतात. चौकटीच्या कागदावर हीच चिन्हे ओळीने मांडली की नक्षीचा आराखडा तयार होतो. चित्रकलेतही असा प्रयत्न पूर्वी झालेला आहे. हॉलंडमध्ये जन्मलेले चित्रकार पीट मोंड्रियान यांनी १९४२–४३ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘ब्रॉडवे बूगी-वूगी’ हे चित्र रंगविले. त्यात एकही वाद्य नाही. केवळ रंगीत चौकोनांच्या रांगा आहेत, आणि तरीही त्या रांगांत एका नृत्यसंगीताची लय जाणवते.

पूर्वतयारी

खुर्ची निवडताना तिचे सांधे हलवून पाहावेत. लाकूड पोखरलेले किंवा वाळवी लागलेले असल्यास ती खुर्ची घेऊ नये. जिची बैठक वेगळ्या लाकडी चौकटीवर बसविलेली असून ती चौकट उचलून काढता येते, अशी बिनहाताची खुर्ची उत्तम. स्प्रिंगची खुर्ची या पाठास घेऊ नये. संग्रह नोंदवहीतील नोंद पाहून, मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांच्या संमतीनेच कामास हात घालावा.

साहित्य : हातोडी, पक्कड, बोथट पटाशी, चुका, पॉलिश पेपर, सरस, सुमारे ५ सेंमी रुंदीची जाड नवार, गोणपाट, काथ्या, पिंजलेला कापूस, मांजरपाट, दोसुती कापड, सुतळी, दाभण, कापडावरचे रंग, चौकटींचा कागद व ठशांसाठी बटाटे. गावात गादीकाम किंवा सुतारकाम करणारा कारागीर असल्यास त्यास एक दिवस शाळेत आदराने बोलवावे.

पहिली पायरी : ऐकणे व मोजणे (दोन तासिका)

प्रारंभी कोणतीही व्याख्या सांगू नये. शिक्षकास तबला येत नसला तरी अडत नाही. वर्गातील एखादा विद्यार्थी बाकावर ठेका धरू शकतो. आठ मात्रांचा भजनी ठेका गावोगाव सर्वांच्या कानांवरून गेलेला असतो. त्यानंतर सहा मात्रांचा दादरा घ्यावा व त्यावर सर्वांनी हातांवर मात्रा मोजाव्यात. मग असे प्रश्न विचारावेत :

शिक्षक : मुलांनो, मोजताना कोणत्या आकड्यावर हात आपोआप जोरात पडतो?
विद्यार्थी : एकावर.
शिक्षक : सहा झाल्यावर सात का म्हणत नाही?
विद्यार्थी : सहानंतर पुन्हा पहिल्यासारखेच येते.
शिक्षक : आणि चारावर काय होते?
विद्यार्थी : तेथे हलके वाटते. तेथे टाळी नको, नुसता हात बाजूला करावा.

एवढे मुलांच्या तोंडून आले म्हणजे मग नावे सांगावीत : जेथून आरंभ होतो व जेथे परत यावयाचे ती सम, जेथे टाळी न देता हात बाजूस नेतात ती खाली, आणि समेपासून पुढच्या समेपर्यंतचा एक फेरा ते आवर्तन. ज्यास कमी ऐकू येते अशा विद्यार्थ्याने बाकाच्या लाकडावर तळहात टेकावा. समेचा ठोका त्यास हाताने कळतो.

त्यानंतर त्रितालाचा परिचय करून द्यावा. त्याच्या १६ मात्रा चार-चारांच्या चार विभागांत वाटलेल्या असतात. १, ५ व १३ या मात्रांवर टाळी आणि ९ व्या मात्रेवर खाली. खालीच्या भागात डग्ग्याचा घुमारा ओसरतो व बोल हलके होतात. कापडावर त्या जागी रंगही हलका व्हावा, हे मुले स्वतःच सुचवितील.

दुसरी पायरी : कागदावरील आराखडा (दोन तासिका)

बैठकीचा दिसणारा भाग ४० सेंमी लांब व ४० सेंमी रुंद आहे असे धरू. रुंदीचे १६ समान भाग केल्यास प्रत्येक घर २.५ सेंमीचे होते. अशी १६ घरांची एक ओळ, आणि अशा १६ ओळी. म्हणजे एकूण २५६ घरे. पुढील कडेची एक ओळ किनारीसाठी राखून ठेवावी. उरलेल्या १५ ओळींत २४० घरे राहतात.

आता दादरा या घरांत ओळीने लिहीत जावे. एक ओळ संपली की मात्रा न तोडता पुढच्या ओळीच्या पहिल्या घरापासून मोजणी चालू ठेवावी. समेचे घर भरीव चौकोनाने, खालीचे घर पोकळ वर्तुळाने व उरलेली घरे लहान ठिपक्याने दाखवावीत. पहिल्या ओळीत सम १, ७ व १३ या घरांत येते. दुसऱ्या ओळीत ३, ९ व १५ या घरांत. तिसऱ्या ओळीत ५ व ११ या घरांत. आणि चौथ्या ओळीत ती पुन्हा १, ७ व १३ वर परतते. चौकोन जोडून पाहिले की कापडभर तिरक्या रेषा उमटलेल्या दिसतात. त्या कोणी आखलेल्या नसतात; त्या मोजणीतून निघालेल्या असतात.

येथे मुलांना थांबवून कारण विचारावे. १६ ला ६ ने भागले असता २ आवर्तने होऊन ४ मात्रा उरतात. तिसरे आवर्तन पुरे होण्यास २ मात्रा कमी पडतात. त्या पुढच्या ओळीतून घ्याव्या लागतात. म्हणून प्रत्येक ओळीत सम दोन घरे उजवीकडे सरकते. १६ व ६ यांचा लघुतम साधारण विभाज्य ४८; म्हणून ४८ घरांनी, म्हणजे तीन ओळींनी, नक्षी पुन्हा पहिल्यासारखी होते. १५ ओळींच्या २४० घरांत दादऱ्याची बरोबर ४० आवर्तने बसतात. म्हणून भरीव चौकोन ४०, पोकळ वर्तुळे ४० व ठिपके १६०. आराखडा पुरा झाल्यावर प्रत्येकाने ही बेरीज पडताळावी. संख्या जुळली नाही, तर मोजणीत कोठेतरी मात्रा गळालेली आहे.

भजनी ठेक्याच्या ८ मात्रांनी १६ ला निःशेष भाग जातो. म्हणून त्याची सम प्रत्येक ओळीत १ व ९ याच घरांत पडते आणि कापडावर उभे पट्टे येतात. दहा मात्रांचा झपताल घेतल्यास सम दर ओळीत चार घरे सरकते व पाच ओळींनी नक्षी फिरून येते. आठवीच्या विद्यार्थ्यांनी सात मात्रांच्या रूपकाचा आराखडा स्वतंत्रपणे करावा व नक्षी किती ओळींनी परत येते ते आधी गणिताने सांगून मग कागदावर पडताळून पाहावे.

राखून ठेवलेल्या किनारीच्या ओळीत त्रितालाचे एक आवर्तन लिहावे : पहिल्या घरात भरीव चौकोन, पाचव्या व तेराव्या घरांत पोकळ चौकोन, नवव्यात पोकळ वर्तुळ व इतरत्र ठिपके.

तिसरी पायरी : जुनी बैठक उकलणे (एक तासिका)

जुने आवरण ओढून फाडू नये. ते ज्या क्रमाने बसविले गेले त्याच्या उलट क्रमाने, एकेक थर काढावा व कोणता थर कोठे होता ते वहीत लिहावे. अज्ञात कारागिराची ती एक कार्यपुस्तिकाच असते. काम उघड्यावर, नाका-तोंडाला रुमाल बांधून करावे, कारण जुन्या काथ्यात धूळ व कधी ढेकूणही असतात. गंजलेल्या चुका शिक्षकांनी किंवा कारागिराने काढाव्यात, त्या एका डब्यात टाकाव्यात व शेवटी जमिनीवरून लोहचुंबक फिरवून राहिलेल्या वेचाव्यात. अनवाणी पायांनी कोणासही जवळ येऊ देऊ नये.

चौकट मोकळी झाली की सैल सांधे सरस लावून घट्ट बांधावेत, दोन दिवस उन्हात ठेवावी व पॉलिश पेपरने घासावी.

चौथी पायरी : पट्ट्या व भरण (दोन तासिका)

खुर्चीचे सारे बळ नवारीच्या पट्ट्यांत असते. पट्टीचे एक टोक चौकटीवर ठेवून प्रथम तीन चुका ठोकाव्यात. उरलेले टोक त्यांवर दुमडून आणखी दोन चुका पहिल्या तिघींच्या मधल्या जागांत ठोकाव्यात. चुका कधीही एका सरळ रेषेत येऊ देऊ नयेत. तसे केल्यास लाकूड रेषेच्या दिशेने चिरते. दुसरे टोक लाकडी ठोकळ्यास गुंडाळून, ठोकळा चौकटीच्या कडेस टेकवून खाली दाबावा म्हणजे पट्टी ताणली जाते. तशी ताणलेली असतानाच ती ठोकावी. चार पट्ट्या उभ्या व चार आडव्या, एकीखालून व एकीवरून अशा विणाव्यात. नीट ताणलेल्या पट्टीवर बोटाने टिचकी मारली असता डफासारखा टणक आवाज येतो. सैल पट्टी बद्द वाजते. ही परीक्षा वर्गातील ‘वाजविणाऱ्या’ विद्यार्थ्याकडे सोपवावी. त्याचा कान पट्टीतील ढिलेपण इतरांआधी ओळखील.

पट्ट्यांवर गोणपाट ताणून बसवावे. काथ्या हाताने मोकळा करून त्यावर पसरावा. तो दबणार असल्यामुळे मध्यभागी थोडा उंच ठेवावा. दाभण व सुतळीने सैल टाके घालून तो गोणपाटाला धरून ठेवावा, नाहीतर बसणाऱ्याच्या हालचालीने तो एका बाजूस जातो. काथ्याचे टोक बोचू नये म्हणून वर कापसाचा सारखा थर द्यावा व सर्वांवर मांजरपाट ताणून बसवावे. दाभण मुलींकडे व हातोडी मुलांकडे अशी वाटणी करू नये. दोन्ही कामे सर्वांनी पाळीपाळीने करावीत.

पाचवी पायरी : ठसे व छपाई (दोन तासिका)

दोसुती कापड आधी धुऊन वाळवावे, कारण सुती कापड आटते आणि खळीमुळे रंग धरत नाही. बाजूंच्या जाडीसाठी ५ सेंमी व खाली दुमडण्यासाठी ५ सेंमी, याप्रमाणे प्रत्येक बाजूस १० सेंमी अधिक कापड धरून ६० सेंमी लांब व ६० सेंमी रुंद तुकडा कापावा. मध्यभागी ४० सेंमीचा चौरस खडूने आखून त्यात घरे पाडावीत.

भरीव चौकोनाचा ठसा २ सेंमीचा कापावा, म्हणजे चारही बाजूंस पाव सेंमी मोकळी जागा राहते. छपाई करताना एक विद्यार्थी ठेका धरील, दुसरा मात्रा मोजील व तिसरा ठसा उमटवील. घाई झाल्यास लय संथ करावी. परंतु मोजणी मोडू नये. भरीव चौकोनास गडद रंग, खालीच्या वर्तुळास फिका रंग द्यावा. रंग पूर्ण वाळल्यावर कापड उलट बाजूने इस्त्री करावे. हे काम शिक्षकांनी करावे.

सहावी पायरी : आवरण बसविणे (एक तासिका)

कापडाच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू व चौकटीचे मध्यबिंदू यांवर खुणा कराव्यात. पहिली चूक मागच्या बाजूच्या मध्यावर, दुसरी पुढच्या मध्यावर, मग दोन्ही बाजूंच्या मध्यांवर. आणि तेथून हळूहळू कोपऱ्यांकडे जावे. चुका प्रथम अर्ध्याच ठोकाव्यात, ओळी दोरीने तपासाव्यात व सरळ असल्याची खात्री झाल्यावरच त्या पुऱ्या बसवाव्यात. कोपऱ्यावरून आरंभ केल्यास कापड तिरके ओढले जाते व साऱ्या नक्षीची लय बिघडते.

येथे एक योग मुलांच्या निदर्शनास आणून द्यावा. सोळा घरांचा मध्य आठव्या व नवव्या घरांच्या मधोमध येतो. म्हणजे पुढच्या कडेची पहिली चूक नेमकी तेथे पडते, जेथे किनारीच्या त्रितालाची खाली सुरू होते. ज्या जागी गाणारा टाळी देत नाही, त्याच जागेपासून कारागिराचे काम तोलले जाते.

दोसुती जाड असल्यामुळे चौकट पुन्हा खुर्चीत बसविताना अडकू शकते. ती ठोकून आत घालू नये. त्याने खुर्चीचे सांधे फुटतात. आवरण पुरे ठोकण्यापूर्वीच चौकट बसते की नाही ते पाहावे व आवश्यक तर चौकटीची कड पॉलिश पेपरने उतरवावी.

मूल्यमापन

कामाची परीक्षा नक्षीच्या सुबकतेवर करू नये. पुढील गोष्टी पाहाव्यात : खुर्चीवर मोठा माणूस बसला असता बैठक खचते का? विद्यार्थी नक्षीवर बोट ठेवून तिच्या मात्रा टाळीसह म्हणू शकतो का? सम का सरकली याचे कारण तो स्वतःच्या शब्दांत सांगतो का? एखाद्या घरात चुकीचा ठसा पडला असल्यास तो कोणी व कसा शोधून काढला? चूक शोधणारास चूक न करणाराइतकेच श्रेय द्यावे.

शेवटी चौकटीच्या खालच्या बाजूस मांजरपाटाचा तुकडा ठोकून ती बंद करावी. तत्पूर्वी त्या तुकड्याच्या आतल्या बाजूवर काम करणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांची नावे, तालाचे नाव व दिनांक लिहावा. पुढे कित्येक वर्षांनी ही बैठकही फाटेल व कोणीतरी ती उकलील. त्या हातांना ही नावे सापडतील. संग्रह नोंदवहीत खुर्चीच्या नोंदीपुढे ‘दुरुस्त, वापरात’ असा शेरा लिहावा, आणि खुर्ची प्रदर्शनात न मांडता त्याच दिवशी बसावयास द्यावी.